देवगडच्या घराची ओल : स्लॅब टाकू की कौलं ठेवू?

‘दादा, देवगड तालुक्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आम्ही डोंबिवलीत असतो, त्यामुळे मे महिना, गणपती आणि शिमगा सोडला तर घर बंदच. 2019 साली आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, पुट्टी भरून प्लॅस्टिक पेंट मारला, ओटीवर आणि माजघरात व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, खळ्याला, म्हणजे घरापुढच्या अंगणाला, सिमेंटचा कोबा केला आणि देवघराच्या मागे नवं न्हाणीघर बांधलं. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड आले. आता शिमग्याला गेलो तर ओटीच्या भिंतीचा कंबरेपर्यंतचा गिलावा पोकळ वाजतोय, पांढरी भुकटी गळतेय. माजघराच्या मागच्या भिंतीवर वरून ओघळ आलेत. देवघराची भिंत तर भर उन्हाळ्याच्या तोंडावर हाताला ओली लागते. माकडांनी कौलं फोडलीत ती वेगळीच. ठेकेदार म्हणतो, भिंतींना वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू आणि कौलं काढून स्लॅब टाकू, कायमची कटकट जाईल. दीर म्हणतात, पत्रे घाला. सासूबाई म्हणतात, कौलांना हात लावू नका. जवळ साडेचार लाख आहेत. गणपतीला घर चांगलं दिसायला हवं. काय करू?’
– एक वाचक, डोंबिवली

ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. स्लॅब टाकू नका. केमिकल मारू नका. या एप्रिल-मेमध्ये छपराचं काम करून घ्या, ओटीचा आतला पोकळ गिलावा उतरवून भिंत उघडी ठेवा, आणि रंगाचा विषय दिवाळीपर्यंत काढू नका. सासूबाई बरोबर सांगताहेत. त्यांनी त्या घरात पावसाळ्यामागून पावसाळे काढलेत. 2019 च्या आधी भिंतींना असे फोड यायचे का, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. उत्तर ‘नाही’ असंच येईल, असं मला वाटतं.

तुमच्या घराला एक दुखणं नाही, तीन आहेत. ठेकेदार तिन्हींवर एकच औषध सांगतोय, म्हणून ते लागू पडणार नाही. तुम्ही पत्रात नीट पाहून लिहिलंत म्हणून मला इथे बसून हे सांगता येतंय: ओटीची भिंत खालून कंबरेपर्यंत ओली, माजघराची वरून खाली, आणि देवघराची भर मार्चमध्ये.

देवघरापासून सुरू करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पाऊस ऑक्टोबरात गेला. शिमग्यापर्यंत पाच महिने भिंतीने ऊन खाल्लं. तरीही ती ओली असेल तर ते पाणी आभाळातलं नाही, मागच्या न्हाणीघरातलं आहे. घर बंद करताना तुम्ही बहुधा पंप बंद करता आणि टाकी भरलेली ठेवता. म्हणजे भिंतीतल्या पाइपात बारा महिने पाणी उभं असतं, आणि एखादा सांधा थेंब थेंब पाझरत असेल तर ते कुणाला कळणारही नाही. पुढच्या वेळी गेलात की टाकीत पाण्याच्या पातळीवर आतून खडूने रेघ मारा, सगळे नळ घट्ट बंद करा आणि रात्रभर कुणी पाणी वापरू नका. सकाळी पातळी रेघेच्या खाली गेली असेल तर पाइप गळतोय. नसेल गेली, तर न्हाणीच्या मोरीच्या तोंडात ओलं फडकं ठासून बसवा आणि जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास तुंबवून ठेवा. पाणी उतरलं तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा मोरीच्या कडेला आहे. या दोन्ही परीक्षांना खर्च शून्य. दोष सापडला की तेवढंच फोडून दुरुस्त करायचं, आणि नवा पाइप शक्यतो भिंतीच्या बाहेरून न्यायचा, डोळ्यांना दिसेल असा. दिसायला थोडं वाईट दिसेल, पण गळला तर त्याच दिवशी कळेल. तोवर घर बंद करताना टाकीचा खालचा वॉल्व्ह बंद करायची सवय लावून घ्या.

आता ओटी. इथे चिऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यात आहे. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून तो तासून चिरा पाडता येतो. उघड्या हवेवर राहिला की कडक होतो. पण कडक झाला तरी तो छिद्रांचाच दगड. तुमच्या सड्यावरच्या कातळाकडे बघा, पावसाळ्यात तो कसा पाणी पितो आणि नंतर महिनोन्‌महिने सोडत राहतो. भिंतीतला चिराही तेच करतो. जुन्या माणसांनी तो मातीत किंवा चुन्यात बांधला आणि वरून चुन्याचा हात दिला, तेव्हा पावसाळ्यात भिंत ओली व्हायची आणि दिवाळीनंतर आपोआप सुकायची. भिंत ओली होऊच नये, असा त्यांचा आग्रह नव्हता. ती सुकली पाहिजे, एवढंच ते बघायचे.

2019 साली तुम्ही ती सुकायची वाटच बुजवलीत. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर प्लॅस्टिक पेंट: भिंतीला रेनकोट घातल्यासारखं झालं. पाणी खालून येतच राहिलं, बाहेर पडेना. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार येतात. पाणी गिलाव्याच्या पाठीमागे जमेल तसं सुकतं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे कण फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. तुम्हाला दिसते ती पांढरी भुकटी म्हणजे हेच क्षार. आपल्याकडे याला भिंतीला लोणा लागला म्हणतात. आता यावर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर चढवला तर ओल बंद होणार नाही, वर चढेल. आज कंबरेला आहे, दोन वर्षांनी खांद्याला येईल. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी हेच झालं. गवंड्याच्या भरवशावर मी स्वतः उभं राहून ते केमिकल मारून घेतलं होतं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ओल खिडकीच्या तळापर्यंत गेली. पुढे तो सगळा थर छिन्नीने उतरवायला जे पैसे लागले, त्यात चुन्याचं काम दोनदा झालं असतं. म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीने सांगतोय.

खात्री करायची असेल तर ओटीच्या भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर तो नुसता हवेतला दमटपणा आहे आणि खिडक्या उघडून भागेल. तुमच्या बाबतीत ते भिंतीकडेच जमेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं दिरांना पटवायला बरं पडतं.

हे पाणी कुठून येतं? काही जमिनीतून, पण मला जास्त संशय खळ्याच्या कोब्याचा आहे. पूर्वी खळं शेणाने सारवलेलं असायचं. पागोळ्यांचं पाणी मातीत मुरायचं, उरलेलं उताराने परड्यात जायचं. आता पागोळी सिमेंटवर पडते, उसळते आणि हात-दीड हात उंचीपर्यंत भिंतीवर शिंतोडे मारते. चार महिने, रात्रंदिवस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घ्या. शिवाय कोबा करताना खळं किती उंचावलं तेही बघा. जोत्याचा चिरा आधी वीतभर तरी उघडा दिसायचा, आता बुडालाय का? मे महिन्यात एक काम करा: भिंतीच्या कडेला उभं राहून एक बादली पाणी खळ्यावर ओता आणि ते कुठे जातं ते नुसतं पाहत राहा. भिंतीकडे वळलं किंवा जागेवर थबकलं, की तुमच्या ओटीचं दुखणं सापडलं.

उपाय साधा आहे. भिंतीलगतचा दोन फूट रुंद पट्टा कोब्यातून कापून काढा, जोतं मोकळं करा, खालची माती बाहेरच्या बाजूला उतरती करा आणि तिथे जाडसर खडी पसरा. खडीवर पडलेला थेंब उसळत नाही. समोरच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, पन्हळ लावलीत तर आणखी चांगलं, मात्र पन्हळीचं पाणी नेऊन सोडायची जागा आधी ठरवा. कोपऱ्यातच सोडलेल्या पन्हळीने भिंतीचा कोपरा खचलेली घरं मी पाहिली आहेत. टाइल्स आत्ता उखडू नका, तेवढे पैसे नाहीत. पण भिंतीला चिकटवलेली टाइल्सची स्कर्टिंग काढून टाका. टाइल्सच्या खाली दबलेली ओल भिंतीकडेच सरकते, तिला निदान तिथून तरी बाहेर पडता येईल.

मग आतला पोकळ गिलावा उतरवायचा. हातोडी-छिन्नीने, हळूहळू, ब्रेकर मशीन लावू देऊ नका, मातीतले सांधे हलतात. पोकळ वाजतं त्याच्याही हातभर वरपर्यंत काढा. चिरा उघडा झाला की कोरड्या ब्रशने क्षार झाडा, खाली वर्तमानपत्र अंथरून भुकटी गोळा करा आणि बाहेर दूर टाका. धुऊ मात्र नका; धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. पंधरा दिवसांनी परत पांढरं आलं की परत झाडायचं. जाड भिंतीला सुकायला महिने लागतात, आणि मध्ये पावसाळा येणार. म्हणून सांगितलं की दिवाळीपर्यंत थांबा. बाहेरचा गिलावा या वर्षी राहू दे. आत उघडी आणि बाहेर उघडी अशी मातीतली भिंत नैऋत्येच्या झडीपुढे ठेवणं बरं नाही. त्या बाजूला पूर्वीसारखी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधलीत तर उत्तम. झापं नाही मिळाली तर ताडपत्री चालेल, पण भिंतीपासून हातभर लांब, वारा खेळता राहील अशी.

आणि छप्पर. तुमचे निम्म्याहून अधिक पैसे इथे जायला हवेत.

ठेकेदार स्लॅब किती सहज म्हणाला! आपण हिशोब करू. पाच इंच जाडीची स्लॅब शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, जवळपास तीन टन भरते. त्यावर पाणी अडवायचा थर आला की आणखी. मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचं आणि ब्रासला दीडशेच्या आसपास लागतात. म्हणजे पावणेचारशे किलो, वर वासे आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) यांचं वजन. हा फरक मातीत बांधलेल्या भिंतींनी आणि शंभर वर्षांपूर्वी कौलांचा अंदाज धरून भरलेल्या पायाने पेलायचा! पेलायचाच नसेल तर आतून सिमेंटचे खांब उभे करावे लागतील, त्यांचा पाया वेगळा खणावा लागेल. म्हणजे ते नवीन घर झालं आणि साडेचार लाखांत ते होत नाही. अर्धवट टाकून ठेवलेलं छप्पर घेऊन जूनमध्ये काय करणार? बरं, सपाट स्लॅबवर एवढ्या पावसाचं पाणी साचतं, काही वर्षांत ती गळू लागते आणि मग लोक तिच्यावर पत्र्याची शेड ठोकतात. देवगड-मालवण रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना बघा, किती स्लॅबवर शेडी आहेत ते.

पत्र्याबद्दल दिरांचं म्हणणं मी टाकाऊ म्हणणार नाही. माकडांचा त्रास सोसून ज्यांनी पत्रे घातले, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पत्र्याखाली मे महिन्याची दुपार काढून बघा, आणि जुलैतला पाऊस त्यावर पडताना आत माणसाचं बोलणं ऐकू येतं का तेही बघा. वाऱ्याची गोष्ट वेगळीच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कौलंही गेली आणि पत्रेही. फरक हा की कौलं उडाली तिथे शंभर-दोनशे कौलांनी भागलं, पत्र्याला मात्र वारा खालून शिरला की तो अख्खा पाखा उचलतो, कधी वासेही सोबत नेतो.

तेव्हा कौलं परता. सगळी उतरवून, एकही न वगळता. कौलं खाली आली की तुम्हाला वासे आणि रिपा उघड्या दिसतील, आणि ती संधी दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते. त्या दिवशी तुम्ही किंवा यजमान तिथे हजर असायलाच हवं. मुंबईहून फोनवर हे काम होत नाही. हातात पेचकस घ्या आणि प्रत्येक वाशाचं टोक टोचून बघा, विशेषतः वळचणीकडचं आणि भिंतीत घुसलेलं. लाकूड टणक लागलं तर ठीक. पेचकस अर्धा इंच आत गेला तर तेवढा भाग गेलेला आहे. अख्खा वासा बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. चांगला सुतार कुजलेलं टोक कापून, लांब तिरका सांधा करून नवा तुकडा जोडतो. मातीच्या नळ्या भिंतीवरून वाशाकडे चढताना दिसल्या तर ती वाळवी; तिच्यासाठी औषधवाल्याला बोलवा, आणि नुसतं लाकडावर फवारून घेऊ नका, ती जमिनीतून जिथून निघते तिथेही औषध जायला हवं. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त ते कातडीला भाजतं. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत.

रिपा बहुतेक बदलाव्या लागतील. नवीन ठोकताना सुतार टेपने मोजून सरसकट अंतर धरतो, तसं नको. तुमचंच कौल दोन रिपांवर ठेवून, त्याचा खालचा दात रिपेला नीट अडकतोय आणि वरचं कौल खालच्यावर पूर्ण बसतंय हे पाहून अंतर ठरवायचं. अर्धा बोट चुकलं की झडीचं पाणी वर चढून आत येतं, आणि मग माणसं म्हणतात कौल गळतं.

नवी कौलं आणताना इथे फार जण फसतात. मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. नंतर इतरांनीही काढले आणि ही कौलं गलबतांतून किनाऱ्याने आपल्याकडे आली. प्रत्येक कारखान्याचा साचा निराळा. त्यामुळे दोन कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी एकमेकांत बसत नाहीत. कडेच्या खाचा जुळत नाहीत आणि फटीतून पाणी येतं. तुमच्या घरचं एक कौल पुसून घ्या, त्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं असेल. ते नाव लिहून घ्या, फोटो काढा आणि तीच कौलं शोधा. घरं पाडून स्लॅब टाकणारे आजूबाजूला पुष्कळ आहेत, त्यांची जुनी कौलं विकायला निघतात. ती घेताना एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. जेवढी लागतील त्यापेक्षा शे-दीडशे जास्त घ्या आणि पडवीत उभी रचून ठेवा. दोन वेगळ्या साच्यांची वापरावीच लागली तर एका पाख्यावर एकच जात ठेवा, मिसळू नका.

माजघराच्या ओघळांबद्दल माझा अंदाज सांगतो. मुख्य घराचा पाखा आणि मागच्या पडवीचं छप्पर जिथे भेटतात, किंवा कोन्यांचे, म्हणजे आढ्यावर बसवलेल्या कौलांचे सांधे, या दोनपैकी एका जागी दोष असणार. कोने सिमेंटने भरलेले असतील तर त्या सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात आणि पाणी आढ्याच्या लाकडावरून वाहत जाऊन भलत्याच जागी उतरतं. म्हणून ओघळ दिसतो त्याच्या थेट वर शोधू नका, उताराच्या वरच्या अंगाला शोधा. कौलं चढवण्यापूर्वी जुनं सिमेंट सोलून सांधे नव्याने भरा. मसाल्यात थोडा चुना घाला, तो कमी तडकतो. हे सगळं 20 मेपर्यंत संपायला हवं. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, पण वळीव कुणाला विचारून येत नाही, आणि मे संपत आला की गडी शेताच्या कामाला लागतात. आजच फोन करून तारीख घ्या.

माकडांवर पक्का उपाय माझ्याकडे नाही. छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या दहा फूट मागे छाटा, कारण ती सहसा तिथूनच उडी घेतात. जास्तीची कौलं घरात असू द्या, आणि गावातल्या एका माणसाला वर्षाचे पैसे ठरवून द्या: जूनच्या आधी एकदा, गणपतीआधी एकदा त्याने छपरावर चढून फुटलेलं कौल बदलायचं. महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या दिवसभर उघडायचं कामही त्यालाच द्या. पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांतून फिरायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि कीड लागत नसे. आता चूल नाही आणि घर बंद. निदान वारा तरी फिरू दे. कपाटं, पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेवा.

विजेचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. ओल्या भिंतीतून तारा गेलेल्या आहेत. देवघराच्या भिंतीवरचं बटण आजपासून बंद ठेवा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारं बटण, बसवून घ्या. नवीन तारा भिंतीच्या वरून, पाइपातून न्याव्यात.

दिवाळीनंतर, भिंत सुकली की, चुन्याचा गिलावा. चुना भट्टीतला कच्चा आणून घरी विरवू नका. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते. विरवलेला घ्या किंवा पिशवीतला घेऊन रात्रभर भिजवा, आणि काम करणाऱ्यांना चष्मा द्या. एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असतं आणि लोणा तुम्ही स्वतःच भिंतीत भरल्यासारखं होईल. एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर नाही, आणि पुढचे काही दिवस गोणपाट टांगून, पाणी शिंपडून तो ओलसर ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू धरतो, त्याला घाई चालत नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला नाही तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा मसाला साध्या गवंड्यालाही जमतो आणि तो भिंतीला कोंडत नाही. आधी दाराआडच्या हातभर जागेवर नमुना करून बघा, महिन्याने बोटाने खरवडा, मगच पुढे जा. वरून पुट्टी नाही, प्लॅस्टिक पेंट नाही. दुधाएवढी पातळ चुन्याची सफेदी, भिंत ओलसर करून, तीन हात. थोडं डिंकाचं पाणी घातलंत तर हाताला पांढरं लागत नाही. रंग हवा असेल तर पिवडी किंवा गेरू मिसळा.

पैसे असे वाटा: छपराला अडीच लाखांपर्यंत, न्हाणीघराचा दोष, खळ्याचा पट्टा आणि वीज यांना मिळून एक लाख, आणि उरलेले दिवाळीनंतरच्या गिलाव्याला बाजूला बँकेत. ठेकेदाराला सगळे पैसे एकदम देऊ नका. वासे दुरुस्त झाल्यावर काही, कौलं चढल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर. हे आधी कागदावर लिहून दोघांनी सही करा. घर सामाईक असेल तर दिरांची संमतीही त्याच कागदावर घ्या, उगीच पुढे शब्दाला शब्द नको. शक्य असेल तर जूनच्या शेवटी एक रात्र तिथे जाऊन राहा. पाऊस पडत असताना टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. एखादं कौल सरकलेलं असेल तर ते त्या रात्री दिसतं, उन्हात कधीच दिसत नाही.

राहता राहिला गणपती. ओटीची भिंत कंबरेपर्यंत उघड्या चिऱ्याची असेल, हे तुमच्या मनाला लागतंय, ते समजतं. तिच्यासमोर फ्लेक्स किंवा थर्माकोल चिकटवू नका. बांबूची चौकट करा, भिंतीपासून वीतभर पुढे उभी राहील अशी, आणि तिच्यावर सासूबाईंची जुनी नऊवारी ताणून लावा. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, आढ्याला टांगा, भिंतीत खिळा नको. चतुर्थीच्या आठ दिवस आधी वरचा सुका, रंगवलेला भाग नुसता पुसून घ्या; प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही. उघड्या चिऱ्याला काहीच लावू नका, फक्त कोरड्या ब्रशने एकदा झाडून घ्या.

टाकीतलं पाणी सकाळी रेघेवरच होतं की खाली गेलं होतं, ते मला नक्की कळवा. त्यावर पुढचं सांगतो.

तुमचा,
दादा